ओसुनाआराशी : एका रोजेदार सुमो पैलवानाची गोष्ट

जपानमध्ये सुमोच्या वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा होतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरात टोकियो, मार्चमध्ये ओसाका, जुलैत नागोया आणि नोव्हेंबरात फुकुओका. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवसांची. यातली नागोयाची सगळ्यात जास्त घाम काढणारी, कारण जुलैत तिथली हवा आपल्या मे अखेरच्या मुंबईसारखी होते, चिकट आणि जड. 2013 साली ही स्पर्धा 7 जुलैला सुरू झाली आणि तीन-चार दिवसांत रमजान लागला. नागोयात त्या दिवसांत पहाटे तीनच्या सुमारास सहरीची वेळ संपते आणि संध्याकाळी सातनंतर मगरिबची अजान होते. म्हणजे सोळा तासांचा रोजा. त्या स्पर्धेत इजिप्तचा एक 21 वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच पगारी पैलवान म्हणून मातीत उतरला होता. पोटात अन्न नाही, घशाखाली पाण्याचा थेंब नाही, आणि समोर दीडशे किलोचा गडी. पंधरा कुस्त्यांपैकी दहा त्याने मारल्या.

त्याचं खरं नाव अब्दुर्रहमान शालान. जपानी लोक त्याला ओसुनाआराशी किन्तारो म्हणत.

मला तो माहीत झाला तो एका फॉरवर्डमधून. आपल्याकडे रमजानात कुठून कुठून फोटो येतात ते तुम्हाला माहीतच आहे. कुठल्या फुटबॉलपटूने मैदानात खजूर खाऊन रोजा सोडला, कुठल्या युरोपातल्या शहरात रस्त्यावर इफ्तारचं दस्तरखान लागलं. त्यात एके दिवशी हा आला. डोक्यावर जपानी पद्धतीने बांधलेले केस, कमरेला जाड लंगोट, आणि खाली उर्दूत माशाअल्लाह. बहुतेक फॉरवर्ड पुढे ढकलले की विसरले जातात. हा माझ्या डोक्यात राहिला, कारण मला त्यात दोन गोष्टींचा मेळ लागेना. सुमोबद्दल जे काही थोडंफार वाचलं होतं त्यावरून तो निम्मा खेळ आणि निम्मा देवळातला विधी आहे एवढं कळत होतं. त्या विधीच्या मधोमध हा माणूस रोजा धरून काय करत होता, हे मला समजून घ्यायचं होतं. पुढे काही वर्षं मी त्याच्या मागावर राहिलो. जमेल तेवढं वाचलं, कुस्त्या पाहिल्या.

आधी सुमोची तालीम म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जपानीत तिला 'हेया' म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना वेगळं समजावण्याची गरज पडू नये. एक वस्ताद असतो, त्याला 'ओयाकाता' म्हणतात, तो स्वतः निवृत्त पैलवान असतो. पोरं तिथेच राहतात, तिथेच झोपतात. नवा पोरगा पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो, झाडलोट करतो, स्वयंपाकाला हात लावतो, मोठ्या पैलवानांची पाठ चोळतो. वस्तादाची बायको सगळ्यांची आई असते. मेहनत पहाटे सुरू होते आणि तीही उपाशीपोटी. सुमो पैलवान नाश्ता करत नाहीत. पहिलं जेवण मिळतं ते अकराच्या पुढे, आधी मोठ्यांना, उरलंसुरलं धाकट्यांना. मग झोप. म्हणजे फजरच्या सुमारास उठून रिकाम्या पोटी राबायचं, ही गोष्ट या पोराला जपानमध्ये कोणी वेगळी शिकवायची गरज नव्हती.

आपला तालीम हा शब्द अरबी आहे, पैलवान फारसी आहे, वस्ताद म्हणजे उस्तादच. शब्द कुठून आले हे कोणी विचारत नाही आणि लाल मातीत ते विचारण्याची गरजही नसते. जपानी तालमीत मात्र बाहेरच्याला शिरणं फार अवघड. तिथे नियम असा आहे की प्रत्येक तालमीत एकच परदेशी पैलवान. तालमी चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे सगळ्या जगासाठी तेवढ्याच जागा, आणि त्यातल्या बहुतेक मंगोलियाच्या पोरांनी भरलेल्या. वस्तादाने एकदा तुम्हाला घेतलं की त्याची ती जागा संपली. तुम्ही जाईपर्यंत दुसरा परदेशी घेता येत नाही. तेव्हा कोणता वस्ताद आपली एकुलती एक जागा अशा मुलाला देईल, जो डुक्कर खात नाही, दिवसातून पाच वेळा नमाज पढतो आणि वर्षातला एक महिना दिवसभर जेवतच नाही?

अब्दुर्रहमानने चौदाव्या वर्षी इजिप्तमध्येच सुमो सुरू केलं होतं. त्याआधी तो व्यायामशाळेत वजनं उचलणारा मुलगा. हौशी सुमोच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत त्याने पदक मिळवलं. 2011 साली, ज्या वर्षी कैरोच्या तहरीर चौकात लोक जमले आणि मुबारकची सत्ता गेली, त्या वर्षी तो जपानला आला. बऱ्याच तालमींनी त्याला नकार दिला. ओताके नावाच्या तालमीने हो म्हटलं.

ही तालीम कोणाची होती ते महत्त्वाचं आहे. तिचा पाया घातला तायहो यांनी. युद्धानंतरच्या जपानचा सगळ्यात लाडका पैलवान तोच. 1961 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो योकोझुना झाला, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च पदावर पोचला. 32 स्पर्धा जिंकल्या, आणि तो विक्रम 2015 पर्यंत कोणाला मोडता आला नाही. एवढा जपानी की लहान मुलांच्या आवडीच्या गोष्टींत त्याचं नाव घेतलं जायचं. पण या तायहोचा जन्म साखालिन बेटावरचा आणि बाप युक्रेनियन. जपानने ज्याला आपला म्हणून डोक्यावर घेतलं तो अर्धा परका होता. इजिप्तचा पोरगा त्याच्या तालमीत आला तेव्हा तायहो म्हातारे झाले होते आणि कारभार दुसऱ्या वस्तादाकडे गेला होता. मधल्या काळात तालमीची अब्रूही गेली होती. आधीचा वस्ताद, तायहोंचा जावई, 2010 मध्ये बेसबॉलवरच्या सट्ट्याच्या प्रकरणात संघटनेतून काढला गेला होता. नव्या वस्तादाला तालीम पुन्हा उभी करायची होती. माझा अंदाज असा की पडत्या काळातच माणसं अनोळख्याला दार उघडतात. भरल्या घरात जागा नसते.

त्याला नाव मिळालं ओसुनाआराशी. पहिलं अक्षर 'मोठा' या अर्थाचं, तेच तायहोच्या आणि ओताकेच्या नावातलं. पुढची दोन अक्षरं मिळून वाळूचं वादळ. आणि किन्तारो हा जपानी लोककथांतला दांडगा पोर, अस्वलांशी कुस्ती खेळणारा. आपल्या भीमाच्या बालपणाच्या गोष्टी जशा, तसं काहीसं. इजिप्तच्या वाळवंटाला जपानी लोककथेची जोड देऊन एक नाव तयार झालं.

2012 साली त्याने सुरुवात केली ती अगदी तळातून. सुमोची क्रमवारी कागदावर हाताने लिहिली जाते. वरच्यांची नावं जाड ठसठशीत अक्षरांत आणि खाली खाली येताना इतकी बारीक होत जातात की शेवटची वाचायला भिंग लागावं. एकूण सहा थर. वरच्या दोन थरांतल्या सत्तर जणांनाच पगार मिळतो, बाकी शेकडो पोरं जेवण-राहण्यावर आणि किरकोळ भत्त्यावर राबतात. तळातून त्या सत्तरांत शिरायला भल्याभल्यांना पाच-सहा वर्षं लागतात, अनेकांना कधीच जमत नाही. ओसुनाआराशीने ते दीड वर्षात केलं. 2013 चा जुलै तो हाच. नोव्हेंबरात तो सगळ्यात वरच्या थरात होता. आफ्रिकेतून आणि अरब जगातून तिथे पोचलेला पहिला माणूस. तायहो मात्र ते पाहायला राहिले नाहीत, त्या वर्षीच्या जानेवारीत ते गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या मुसलमानांशी मी या पैलवानाबद्दल बोललो, त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. खातो काय? घालतो काय? आणि ते मीठ-बीठ, देव-धरम, त्याचं काय?

खाण्याचं सोपं आहे. सुमो पैलवानांचा खुराक म्हणजे चान्कोनाबे. एका मोठ्या पातेल्यात भाज्या, मासे, मांस, टोफू सगळं एकत्र उकळतात आणि भातासोबत रेमटतात. ओसुनाआराशीसाठी त्यातून डुक्कर वगळलं जायचं. यात गंमत अशी की जुन्या सुमोवाल्यांमध्ये स्पर्धेच्या दिवसांत कोंबडी खाणं शुभ मानतात. कोंबडी दोन पायांवर उभी राहते. गाय-डुक्कर चार पायांवर, म्हणजे हात टेकलेल्या पैलवानासारखं. सुमोत तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की हरलात. तेव्हा चारपायी प्राणी म्हणजे पराभवाची खूण. हरामचा नियम आणि जपानी अंधश्रद्धा इथे एका ताटात जेवल्या म्हणायचं.

कपड्याचा प्रश्न जरा नाजूक. पुरुषाने नाभीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकावं हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. सुमोचा लंगोट, ज्याला मावाशी म्हणतात, मांड्या उघड्याच ठेवतो. मांडीबाबत थोडी सैल भूमिका घेणारे आलिम मालिकी मसलकात आहेत, पण त्या वादात मला शिरायचं नाही. मला वेगळीच गोष्ट आठवते. गामा पैलवानाच्या काळापासून या देशातले मुसलमान पैलवान लंगोट लावूनच मातीत उतरले. आमच्याकडच्या तालमींत भिंतीत मारुती असतो, त्याच्या समोर सगळेच घाम गाळतात. मुसलमान पोरगा मारुतीपुढे हात जोडत नाही, माती कपाळाला लावतो आणि जोर काढायला लागतो. वस्तादाने त्याला कधी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. सुमोच्या प्रत्येक तालमीतही एका कोपऱ्यात शिंतोचं छोटं देवघर असतं.

आणि मग ते मीठ. सुमोचं रिंगण मातीचं, साडेचार मीटर व्यासाचं, भोवती भाताच्या पेंढ्याच्या गोण्या पुरलेल्या. वर शिंतो देवळाचं छप्पर टांगलेलं असतं. स्पर्धेआधी रिंगणाच्या मध्यभागी खड्डा करून त्यात तांदूळ, मीठ, सुकी माकूळ, समुद्री शेवाळ, काही फळांच्या बिया पुरतात. पंचाचे कपडे पुजाऱ्यासारखे. पैलवान रिंगणात येतो, हात पसरून टाळी वाजवतो, पाय उचलून आपटतो आणि मूठभर मीठ उधळतो. अपवित्र ते निघून जावं म्हणून. हे मीठ साधारणपणे पगारी पैलवानच उधळतात, खालच्यांना ती चैन नसते. म्हणजे अब्दुर्रहमानच्या हातात मीठ आलं ते त्याच नागोयाच्या स्पर्धेत, ज्यात तो रोजे धरत होता.

मीठ उधळण्याआधी आणखी एक रीत आहे. आधीच्या कुस्तीत जिंकलेला पैलवान पुढच्याला लाकडी पळीतून पाणी देतो. ते प्यायचं नसतं, चूळ भरून टाकायचं असतं. ताकदीचं पाणी, असं त्याला म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. रोजेदार वुजू करताना नेमकं हेच करतो. चूळ भरायची, पण घशापर्यंत पाणी नेऊन गुळण्या करायच्या नाहीत. सुमोची ही रीत रोजा मोडत नाही. मिठाबद्दल मात्र लोकांनी मला चांगलंच छेडलं. एक स्नेही म्हणाले, हा सरळ शिर्क आहे, रोजा धरून काय उपयोग. मी त्यांना विचारलं, तुमच्या घरी बाळाची नजर काढताना मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकतात की नाही? ते म्हणाले, ते वेगळं, ती रूढी. अगदी बरोबर. जपानमधल्या बहुतेक माणसांनाही मिठाबद्दल विचारलं तर ते हेच म्हणतील.

माझ्यापुरतं मी असं ठरवलं की निय्यत त्याच्या मनात होती आणि तिथे डोकावण्याचा परवाना मला कोणी दिलेला नाही. तो आपला धर्म लपवत नव्हता. मुलाखतींत तो अल्लाहचं नाव घ्यायचा, रोजांबद्दल मोकळेपणाने बोलायचा. तालमीने त्याला नमाजेला जागा आणि वेळ दिला, त्याने तालमीची शिस्त पाळली. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकून घेतलं. माणसं एकत्र राहतात ती अशीच, कोणी फतवा काढून नव्हे.

सवलतीचा मुद्दा राहिला. प्रवासात रोजा पुढे ढकलता येतो, कुराणातच तशी मुभा आहे. टोकियोचा पैलवान नागोयात प्रवासी की नाही? हनफी हिशेबाने एका जागी पंधरा दिवस राहायचा इरादा असला की तुम्ही मुकीम. सुमोची स्पर्धाच पंधरा दिवसांची, आणि पैलवान त्याच्या आधीच तिथे जाऊन मुक्काम ठोकतात. मला तर वाटलं जपान्यांनी वेळापत्रक मौलवींना विचारून बनवलं असावं. शाफई कोकण्यांना तर एवढी मोजणीही नको, त्यांच्याकडे चार दिवसांतच प्रवास संपतो.

2014 चा जुलै त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा महिना. पुन्हा नागोया, पुन्हा रमजान, या वेळी स्पर्धेचे पंधराही दिवस रमजानातच. तो आता वरच्या थरात होता आणि पहिल्यांदाच त्याची गाठ योकोझुनांशी पडणार होती. योकोझुना म्हणजे साधा विजेता नव्हे. त्याच्या कमरेला देवळातल्यासारखा जाड पांढरा दोर बांधतात. त्याला खालच्या पदावर आणता येत नाही, हरायला लागला तर त्याने निवृत्तच व्हायचं. त्या काळात तीन योकोझुना होते आणि तिघेही मंगोलियाचे. 17 जुलैला, स्पर्धेच्या पाचव्या दिवशी, ओसुनाआराशीसमोर काकुर्यू होता, काही महिन्यांपूर्वीच त्या पदावर बसलेला. ओसुनाआराशीने त्याला हरवलं. दुसऱ्या दिवशी हारुमाफुजी. त्यालाही हरवलं. तो दिवस जुम्म्याचा होता आणि रमजानचा दुसरा अशरा संपत आला होता.

साध्या पदावरच्या पैलवानाने योकोझुनाला हरवलं की त्याला 'किनबोशी' मिळतो, सोन्याचा तारा. असा विजय झाला की प्रेक्षक बसायच्या चौकोनी गाद्या उचलून रिंगणाकडे फेकतात. फेकू नका अशी सूचना दर वेळी होते, आणि दर वेळी गाद्या उडतात. ताऱ्याला पैसेही असतात. एका किनबोशीमागे प्रत्येक स्पर्धेला 40,000 येन, पगारी पैलवान म्हणून टिकून आहात तोवर. वर्षाला सहा स्पर्धा, म्हणजे 2,40,000. ओसुनाआराशीला एका दिवसाच्या अंतराने असे दोन तारे मिळाले. इजिप्तच्या पोराने जपानच्या मातीत दोन मंगोल पाडले. माझ्या फोनवर तेव्हा त्याच्या फोटोंचा पाऊस पडला. मी स्वतःही दोन-चार ठिकाणी पाठवले.

त्याची कुस्ती मात्र सगळ्यांना आवडत नव्हती. तो समोरून येणाऱ्याच्या छातीवर, हनुवटीखाली कोपरापासूनचा हात असा हाणायचा की आवाज यायचा. नियमात बसतं ते, पण जुन्या जाणकारांना ते रांगडं वाटायचं. सुमोत एक शब्द फार ऐकू येतो, 'हिन्काकू'. प्रतिष्ठा, शालीनता, खानदानीपणा, सगळं त्यात आलं. जिंकल्यावर हसायचं नाही, मूठ उगारायची नाही, पडलेल्याला हात द्यायचा. अपेक्षा सगळ्यांकडूनच असते. पण परदेशी पैलवानाच्या हिन्काकूची तपासणी जरा जास्त बारकाईने होते असं मला वाचताना सतत जाणवलं. जपानी पैलवान चुकला तर तो चुकला. मंगोल चुकला तर मंगोलांना हे कळत नाही. हा हिशेब आपल्याला ओळखीचा आहे. शाळेत, कचेरीत, भाड्याचं घर बघताना, एकाच्या खात्यातलं कर्ज सगळ्या जमातीच्या नावावर कसं पडतं हे या ब्लॉगच्या वाचकांना मी काय सांगू.

पुढची वर्षं दुखापतींची. गुडघे गेले. सुमो पैलवानाचा गुडघा म्हणजे ट्रकचं वजन सायकलच्या चाकावर. माएगाशिरा 1 या क्रमांकापर्यंत तो पोचला, त्याच्यावर नावाच्या पदव्या सुरू होतात, त्या दारातून तो आत गेला नाही. स्पर्धा अर्धवट सोडाव्या लागल्या. क्रमवारी घसरली, वरच्या थरातून दुसऱ्या थरात आला. सुमोत दुखापतीची रजा नसते. खेळला नाहीत तर हरलात असंच धरतात, म्हणून पोरं फाटलेल्या गुडघ्याला पट्ट्या गुंडाळून उतरतात आणि गुडघा आणखी फाटतो. या एका बाबतीत मला सुमोची परंपरा सरळसरळ निर्दयी वाटते. तिच्याबद्दल कितीही आदर असला तरी.

मग 2018. जानेवारीच्या 3 तारखेला नागानो भागात एका गाडीने दुसऱ्या गाडीला धडक दिली. गाडीत ओसुनाआराशी आणि त्याची बायको होती. सुमो संघटनेचा नियम आहे की चालू पैलवानाने स्वतः गाडी चालवायची नाही. इथे तर चालवण्याचा परवानाही नव्हता. त्याने आधी सांगितलं की गाडी बायको चालवत होती. कॅमेऱ्यातल्या चित्रणाने ते खोटं ठरलं. जानेवारीची स्पर्धा चालू असतानाच बातमी फुटली आणि तो मधूनच बाहेर पडला. मार्चमध्ये संघटनेने त्याला निवृत्त व्हायला सांगितलं, त्याने राजीनामा दिला. वय 26.

वेळही वाईट होती. त्याने ज्याला हरवून दुसरा तारा मिळवला तो हारुमाफुजी जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, एका धाकट्या मंगोल पैलवानाला दारूच्या बैठकीत मारहाण केल्याबद्दल, पायउतार झाला होता. संघटनेवर चहूबाजूंनी टीका चालू होती आणि तिला कडक दिसायचं होतं. तरीही शिक्षा जास्त झाली असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. परवान्याशिवाय गाडी चालवून कोणाच्या गाडीवर आदळणं आणि मग ते बायकोच्या अंगावर ढकलणं, याला नाव द्यायला मला फिकह लागत नाही.

(पावित्र्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तो गेल्यानंतर महिनाभरात, एप्रिल 2018 मध्ये, माइझुरू गावात एका सुमो कार्यक्रमात भाषण करताना महापौर रिंगणातच कोसळले. प्रेक्षकांतल्या काही बायका धावत वर चढल्या आणि त्यांच्या छातीवर दाब देऊ लागल्या. त्यातल्या काही वैद्यकीय ज्ञान असलेल्या होत्या. ध्वनिक्षेपकावरून सूचना आली, बायकांनी रिंगणातून उतरावं. का, तर रिंगण पवित्र आहे. संघटनेच्या प्रमुखाला नंतर माफी मागावी लागली. हाजी अलीच्या मजारपर्यंत बायकांना जाऊ द्यायला आपल्याकडे 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. तेव्हा जपान्यांना हसण्याची आपली लायकी नाही.)

ओसुनाआराशीची ही बातमी मला फॉरवर्डमधून आली नाही. ज्या गटांमध्ये त्याचे फोटो माशाअल्लाहसह फिरत होते तिथे शुकशुकाट होता. मी एका ठिकाणी मुद्दाम लिहिलं की आपला तो सुमोवाला निवृत्त झाला, असं असं झालं. एकाने लिहिलं, मीडिया मुसलमानांच्या मागे लागलेलाच असतो. दुसऱ्याने लिहिलं, लंगोटवाल्याकडून काय अपेक्षा करणार. पहिल्याला त्याचं खोटं दिसायला नको होतं. दुसऱ्याला त्याचे सोळा-सोळा तासांचे रोजे आठवायला नको होते. मला दोघांचाही राग आला, दुसऱ्याचा जास्त. चार वर्षांपूर्वी हाच माणूस त्याला उम्मतची शान म्हणत होता, आणि तेव्हाही लंगोट तोच होता.

मला वाटतं आपण त्याला कधी पैलवान म्हणून पाहिलंच नाही. आपल्याला एक पुरावा हवा होता, की बघा, आमचा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊनही रोजा सोडत नाही आणि वर जिंकतो. पुराव्याला गुडघा नसतो, तो घाबरत नाही, घाबरून बायकोचं नाव पुढे करत नाही. पण तो पोरगा अठरा-एकोणीसचा असताना एका अनोळखी भाषेच्या देशात गेला होता. ज्या वयात आपल्याकडची पोरं बारावीचे निकाल आणि मोटारसायकल यांत अडकलेली असतात, त्या वयात तो पहाटे दुसऱ्यांची भांडी घासत होता. त्याने केलेलं चांगलं आणि वाईट दोन्ही त्याचंच आहे. रोजे त्याने आपल्या शानसाठी धरले नव्हते, आणि खोटंही आपल्याला बदनाम करायला बोलला नव्हता.

सुमो सुटल्यावर त्याने मिश्र मार्शल आर्टचा रस्ता धरला. 30 सप्टेंबर 2018 ला सायतामात त्याची लढत झाली ती बॉब सॅपशी. सॅप म्हणजे एके काळी जपानी टीव्हीवर गाजलेला अमेरिकन राक्षस, तेव्हा नुकताच 45 चा झालेला. सुमोतली कुस्ती बहुतेक वेळा काही सेकंदांत निकालात निघते. शरीर त्याच हिशेबाने बांधलेलं असतं, एक धडक, एक ढकल, संपलं. इथे मिनिटांच्या फेऱ्या होत्या. दोघांचाही दम निघाला आणि पंचांनी निकाल सॅपच्या बाजूने दिला. मी ती लढत एकदाच पाहिली आणि तीही शेवटपर्यंत नाही.

नागोयाच्या त्या कुस्त्या मात्र अजून कधीतरी लावतो. गाद्या हवेत उडताहेत, पंच शांतपणे उभा आहे, आणि तो पडलेल्या योकोझुनाकडे न हसता बघतोय. किनबोशीचे पैसे निवृत्तीबरोबर थांबतात. तारे नोंदवहीत राहतात. त्याच्या नावापुढे नागोयाचे दोन आहेत, एक गुरुवारचा आणि एक जुम्म्याचा.